नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे, ते स्टीफन हिस्लॉप कोण होते?

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ मध्ये स्कॉटलंडमधल्या डन्स गावी झाला. भोसल्यांचं राज्य असताना, १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपूरला आले. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली.

धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरताना त्यांनी खडकांमधले जीवाश्म गोळा केले आणि गोंडांची भाषा, चालीरीती टिपून ठेवल्या. गोंडांचा इतिहास तेव्हा कागदावर नव्हता, तो परधान गायकांना तोंडपाठ होता. अशाच एका परधानाकडून हिस्लॉप यांनी लिंगोची गाथा उतरवून घेतली. डोंगरातल्या गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगोने कसं सोडवलं, याची ती कथा आहे.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची महापाषाणकालीन दगडी वर्तुळं पाहून ते घोड्यावरून एकटेच परतत होते. पुराने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. वय अवघं ४५ होतं.

टिपणं अर्धवटच राहिली होती. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ मध्ये छापली. त्यामुळे परधानाच्या तोंडची ती गाथा हिस्लॉप यांच्याबरोबर वाहून गेली नाही. कॉलेज सुरू झालं ते नंतर, १८८३ मध्ये.