यमुनेच्या हाती लेखणी देणारे हरिभाऊ

मराठी कादंबरी अद्भुतरम्य राजवाड्यांतून बाहेर काढून मध्यमवर्गीय माजघरात आणून बसविण्याचे श्रेय हरि नारायण आपटे यांना दिले जाते. ते खरेच आहे. परंतु त्यांचे त्याहून मोठे धाडस म्हणजे त्यांनी एका विधवेला कथा सांगावयास बसविले आणि स्वतः जवळजवळ दिसेनासे झाले.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. (पुढे हीच तारीख जागतिक महिला दिन म्हणून पाळली जाऊ लागली. हा निव्वळ योगायोग, पण मनात राहणारा.) आईचे छत्र बालपणीच हरपले. मुंबईत काही वर्षे काढून ते पुण्यास आले आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर या त्रयीचे विद्यार्थी झाले. शिष्य मात्र मुकाट ऐकून घेणारा नव्हता. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध केले, तेव्हा या विशीच्या आतल्या विद्यार्थ्याने आपल्याच गुरुजींच्या पुस्तकावर विस्तृत टीका लिहिली. महाविद्यालयात गणिताने दगा दिला आणि पदवी काही हाती आली नाही. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था त्यांनी पत्करली. दिवसा संस्कृत पोथ्यांच्या प्रकाशनाचा कारभार आणि उरलेल्या वेळात कादंबरी, असा त्यांचा संसार चालला.

‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी १८८५ पासून ‘पुणे वैभव’मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यावर रेनॉल्ड्सची छाया होती. १८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ हप्त्याहप्त्याने येऊ लागली.

तो काळ मोठा तापलेला होता. रखमाबाईंच्या खटल्याची धग पुरती विझलेली नव्हती. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन पुण्यात आले होते. संमतिवयाच्या विधेयकावरून टिळक आणि सुधारक समोरासमोर उभे होते. स्त्रियांच्या स्थितीवर बोलत होते बहुतांशी पुरुष, तेही सभांतून आणि अग्रलेखांतून. हरिभाऊंनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी यमुना नावाच्या मुलीला आपली हकीकत लिहावयास लावले. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’तही यमुनाच होती. ती इतर विधवांची दुःखे पाहत हिंडते. हरिभाऊंची यमुना मात्र स्वतःचेच आयुष्य सांगते: माहेरचा धाक, आईचा मृत्यू, सासरची जाच करणारी माणसे, मुंबईत रघुनाथरावांसोबत लाभलेले थोडे सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि बळजबरीने केलेले केशवपन.

निवेदन तिचे असल्याने लेखकाला एक कडक पथ्य पाळावे लागले. जे तिला दिसते, जे तिच्या कानावर पडते, तेवढेच सांगावयाचे. त्यामुळे भाषा माजघरातली राहिली, नाती बायकांच्या नजरेतून दिसली, आणि शंकरमामंजींचे ढोंग कोणी उघड करून सांगण्यापूर्वी वाचकाला तिच्याबरोबर कळत गेले. पाल्हाळ आहे, हे कबूल करावयास हवे. हप्त्यांनी लिहिलेल्या कादंबरीचा हा जुना दोष. पण त्या पाल्हाळातच घराचे रोजचे जगणे साठले आहे. मराठीतील स्त्रीच्या आत्मकथनांत अग्रगण्य ठरलेले रमाबाई रानडे यांचे पुस्तक १९१० मध्ये आले. त्याआधी वीस वर्षे हा पुरुष स्त्रीच्या आत्मकथनाची कल्पना करून पाहत होता. काशीबाई कानिटकरांसारख्या लेखिकेशी त्यांचा जो दीर्घ साहित्यस्नेह होता, त्याची यात मदत झाली नसेल, असे म्हणवत नाही.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरताच होता. नांदेड, कंधार, लोहा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात, म्हणजे त्या कायद्याच्या हद्दीबाहेर होता. लोहा आज नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आहे आणि बालविवाहाला बंदी करणारा कायदा तेथेही लागू आहे. तरीही मराठवाड्यात ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत, वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीने लग्ने लवकर उरकली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्ने अठराव्या वर्षाआधी झाली होती. केशवपन गेले, यमुनेच्या कहाणीचा आरंभ मात्र अजून ओळखीचा वाटतो.

पुढे ‘मी’मध्ये हरिभाऊंनी आत्मकथनाचा हाच साचा एका ध्येयवादी तरुणासाठी वापरला. ‘उषःकाल’ आणि ‘गड आला पण सिंह गेला’ या शिवकालीन कादंबऱ्यांनी त्यांना घराघरांत नेले. पुणे नगरपालिकेच्या कामात ते रमले, १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ‘करमणूक’ १९१७ मध्ये बंद पडले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची पंचावन्न वर्षे पुरी व्हावयास पाच दिवस उरले होते.