ऐन उमेदीतले आकडे हिशेबातच नाहीत, तरी पॉप लॉईड हॉल ऑफ फेममध्ये का आहेत?

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाऊन नावाच्या छोट्या गावात बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. तिथल्या भिंतींवर ब्राँझच्या पाट्या आहेत. पाटीवर खेळाडूचा चेहरा, खाली नाव आणि चार-सहा ओळींत कारकिर्दीचा हिशेब. अमेरिकेत एखादा मोठा खेळाडू रिटायर झाला की हा गडी हॉलमध्ये जायच्या लायकीचा आहे का, यावर पुढची कित्येक वर्षं वाद रंगतो. वाद घालणारे हिट, सरासरी, एरर असे आकडे घेऊनच बसतात.

पण ज्या खेळाडूचे आकडे कुणी नीट लिहूनच ठेवले नाहीत, त्याचं काय करायचं?

जॉन हेन्री लॉईड, म्हणजेच 'पॉप' लॉईड, यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. १९७७ मध्ये त्यांची पाटी लागली तेव्हा त्यांना जाऊन १३ वर्षं झाली होती आणि त्या काळी ज्याला मेजर लीग म्हणत, तिथे ते एकही मॅच खेळले नव्हते. खेळले नव्हते, कारण त्यांना खेळूच दिलं गेलं नव्हतं.

आधी, शॉर्टस्टॉप म्हणजे कोण?

बेसबॉलच्या मैदानात चार बेस चौकोनात मांडलेले असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळतो तो शॉर्टस्टॉप. उजव्या हाताने खेळणाऱ्या बॅटरने मारलेले जोरदार, जमिनीलगत येणारे बॉल बऱ्याचदा याच बाजूला येतात. धावत जाऊन बॉल अडवायचा आणि क्षणात वळून लांबच्या पहिल्या बेसवर फेकायचा. ही फिल्डिंग इतकी अवघड असते की चांगल्या शॉर्टस्टॉपची बॅटिंग जेमतेम असली तरी टीम चालवून घेते.

त्यामुळे फिल्डिंग आणि बॅटिंग दोन्हींत अव्वल असलेला शॉर्टस्टॉप दुर्मीळ. असा एक होता पिट्सबर्ग पायरेट्सचा होनस वॅग्नर. १९३६ मध्ये हॉलसाठी पहिले पाच खेळाडू निवडले गेले, त्यात वॅग्नर होते. ते गोरे होते. त्याच काळात तसाच दुसरा एक शॉर्टस्टॉप खेळत होता. तो कृष्णवर्णीय होता.

जन्माच्या वर्षीच दार उघडलं आणि मिटलं

लॉईड यांचा जन्म २५ एप्रिल १८८४ चा, फ्लोरिडातल्या पलाटका गावचा. त्यानंतर आठवड्याभरातच, १ मे १८८४ ला, मोझेस फ्लीटवूड वॉकर हे कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या टीमकडून मेजर लीगमध्ये उतरले. म्हणजे लॉईड जन्मले तेव्हा हे दार थोडंसं किलकिलं होतं.

पण ते फार काळ उघडं राहिलं नाही. पुढच्या काही वर्षांत गोऱ्या टीम्सच्या मालकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना घ्यायचं नाही असं आपसात ठरवून टाकलं. लेखी कायदा नव्हता, पण सगळे तो कायद्यासारखा पाळत होते. ही भिंत थेट १५ एप्रिल १९४७ ला पडली, जेव्हा जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळले. तेव्हा लॉईड ६३ वर्षांचे व्हायला आले होते.

वडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. शाळा अर्धवट सुटली आणि दुकानात सामान पोहोचवण्याचं काम सुरू झालं. बेसबॉल शिकले ते मोकळ्या मैदानांत.

तारेची टोपली

१९०५ मध्ये ते जॉर्जियातल्या मेकन अॅक्मीज या टीमकडून कॅचर म्हणून खेळत होते. कॅचर बॅटरच्या मागे बसतो, त्यामुळे तोंडावर जाळीचा मास्क हवाच. टीमकडे मास्क घ्यायला पैसे नव्हते. बॉल डोळ्यावर लागला आणि डोळा सुजला. मग त्यांनी तारेची एक टोपली विकत आणली आणि तीच तोंडाला बांधून खेळायला उतरले.

हा किस्सा गमतीचा म्हणून सांगितला जातो, पण कृष्णवर्णीय बेसबॉलची आर्थिक हालत त्यातून कळते. १९२० पर्यंत या टीम्सना स्वतःची टिकाऊ लीगच नव्हती. गावोगाव फिरायचं, मिळेल त्या टीमशी खेळायचं आणि तिकिटाच्या गल्ल्यातला वाटा घ्यायचा. स्कोअरबुक सांभाळून ठेवणं ही चैन होती.

१९०६ मध्ये लॉईड उत्तरेत आले, आधी क्यूबन एक्स-जायंट्स आणि मग फिलाडेल्फिया जायंट्सकडे. याच काळात ते शॉर्टस्टॉप म्हणून स्थिरावले. बॅटिंग डावखुरी, हात मोठे. हिवाळ्यात ते क्यूबात खेळायला जायचे. जमिनीलगतचा बॉल उचलताना बॉलबरोबर मूठभर मातीही त्यांच्या हातात यायची. क्यूबातल्या लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'एल कुचारा', म्हणजे चमचा.

हवानातली ती सिरीज

१९१० च्या शेवटी डेट्रॉईट टायगर्स ही मेजर लीगमधली तगडी टीम क्यूबात आली. टीममध्ये टाय कॉब होते, त्या काळचे सगळ्यात धाकात ठेवणारे बॅटर. लॉईड हवानाच्या टीमकडून खेळत होते. अमेरिकेत जे समोरासमोर खेळू शकत नव्हते, ते इथे एका मैदानात आले.

टायगर्सनी १२ पैकी ७ मॅच जिंकल्या, ४ हरल्या आणि एक बरोबरीत सुटली. पण लॉईड २२ वेळा बॅटिंगला आले आणि त्यांनी ११ हिट मारल्या, म्हणजे सरासरी ०.५००. बेसबॉलमध्ये दहा वेळात तीन हिट म्हणजे चांगला बॅटर समजतात. कॉब शेवटच्या पाच मॅच खेळले आणि त्यांची सरासरी होती ०.३६८.

२२ संधी म्हणजे फार नाहीत, हे खरंच. एवढ्यावरून लॉईड कॉबपेक्षा भारी होते असं म्हणता येणार नाही. पण मेजर लीगच्या पिचरसमोर ते कुठेच कमी पडले नाहीत, एवढं नक्की म्हणता येतं.

पगार जिथे, लॉईड तिथे

लॉईड यांच्या टीम्सची यादी लांबलचक आहे. शिकागोत रूब फॉस्टर यांच्याकडे, मग १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या नव्या लिंकन जायंट्समध्ये, तिथून १९१४ ला पुन्हा फॉस्टर यांच्या शिकागो अमेरिकन जायंट्सकडे, पुढे ब्रुकलिन, कोलंबस, हिलडेल, अटलांटिक सिटी आणि शेवटी परत लिंकन जायंट्स. जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे जायचं, हा त्यांचा सरळ हिशेब होता आणि तो ते लपवतही नव्हते.

याला बेइमानी म्हणायचं का? जिथे करार टिकत नाहीत आणि टीमच उद्या असेल की नाही याचा भरवसा नाही, तिथे खेळाडूकडे दुसरा मार्ग नव्हता. शिवाय ही यादी एक पुरावाही आहे. २० हून जास्त वर्षं वेगवेगळे मालक त्यांच्यासाठी पैसे मोजत राहिले. मॅनेजरची जबाबदारीही पुन्हा पुन्हा त्यांच्याच गळ्यात पडली.

अटलांटिक सिटीच्या बॅकरॅक जायंट्समध्ये असताना डिक लंडी हा तरुण शॉर्टस्टॉप चमकत होता. चाळिशीतले लॉईड त्याला जागा मोकळी करून स्वतः सेकंड बेसवर गेले. 'पॉप' हे नाव पडलं ते अशा वडीलकीच्या वागण्यामुळे.

५ जुलै १९३० ला न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर पहिल्यांदाच दोन कृष्णवर्णीय टीम्स भिडल्या. रेल्वेतल्या कृष्णवर्णीय पोर्टर्सच्या युनियनला मदत म्हणून हा सामना होता. त्यातल्या लिंकन जायंट्सचे मॅनेजर होते ४६ वर्षांचे लॉईड.

शाळेतले पॉप

मोठ्या टीम्समधलं खेळणं थांबल्यावर लॉईड अटलांटिक सिटीत स्थायिक झाले. आधी पोस्टात आणि नंतर शाळेत त्यांनी साफसफाई आणि देखभालीचं काम केलं. शाळेतली पोरं त्यांच्या भोवती गोळा व्हायची. शहरातल्या लिटल लीगचं, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलचं कामही ते बघायचे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत स्थानिक टीममधून खेळत राहिले.

१९४९ मध्ये शहराने एका स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. चुकीच्या काळात जन्माला आलो असं वाटतं का, हा प्रश्न त्यांना विचारला गेलाच. त्यांनी तक्रार केली नाही. आपल्या पिढीने चांगलं खेळून दाखवलं म्हणूनच पुढच्यांना संधी मिळाली, असं त्यांचं उत्तर होतं. मार्च १९६४ मध्ये ते गेले.

मग हॉलमध्ये जायला काय अडचण होती?

अडचण नियमाची होती. हॉलसाठी मेजर लीगमध्ये किमान १० सीझन खेळलेले असावे लागत. आधी तिथे खेळूच द्यायचं नाही आणि मग तिथे खेळला नाही म्हणून सन्मान नाकारायचा, असा हा प्रकार.

१९६६ मध्ये टेड विल्यम्स या गोऱ्या दिग्गजाने स्वतःच्या सत्काराच्या भाषणात, संधी न मिळालेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना इथे जागा मिळावी अशी इच्छा जाहीरपणे मांडली. १९७१ मध्ये खास कमिटी बसली. सुरुवातीला या खेळाडूंसाठी वेगळा विभाग ठेवायचा बेत होता. मैदान वेगळं होतं, आता सन्मानही वेगळा? टीका झाली आणि बेत मागे घ्यावा लागला. कमिटीने १९७७ पर्यंत एकूण ९ जण निवडले. शेवटच्या दोघांत लॉईड होते.

पण लायकी होती का?

शंका घेणाऱ्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कृष्णवर्णीय टीम्ससमोर कधी तगडी टीम असायची, तर कधी गावातली हौशी पोरं. आठवणी वाढवून सांगितल्या जातात. जुन्या पुस्तकांत लॉईड यांची १९२८ ची, म्हणजे ४४ व्या वर्षीची सरासरी ०.५६४ दिलेली आहे. असा आकडा दिसला की किती मॅच मोजल्या आणि समोर कोण होतं, हे विचारायलाच हवं.

म्हणून हा आकडा बाजूला ठेवू. तरीही तीन गोष्टी उरतात. एक, टायगर्सविरुद्धची कामगिरी. दोन, क्यूबाची हिवाळी लीग, जिथे नोंदी ठेवल्या जात होत्या आणि लॉईड यांची सरासरी ०.३०० च्या वर राहिली. तीन, ज्यांनी दोघांनाही पाहिलं त्यांची साक्ष. फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सचे मॅनेजर कॉनी मॅक यांचं मत होतं की लॉईड आणि वॅग्नर यांच्यातला कुणीही निवडला तरी नुकसान होणार नाही. लॉईड यांना लोक 'ब्लॅक वॅग्नर' म्हणायचे आणि या तुलनेचा वॅग्नर यांना अभिमानच वाटला, असं सांगितलं जातं.

यातला कुठलाही एक पुरावा एकटा पुरेसा नाही. पण तिन्ही पुरावे वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि एकच गोष्ट सांगतात. त्यामुळे १९७७ चा निर्णय ही दया नव्हती, तो बरोबर निर्णय होता.

आता तरी हिशेब पूर्ण झाला का?

२०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीग्सना मेजर लीगचा दर्जा दिला. २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत यादीत आले आणि जॉश गिब्सन ०.३७२ सरासरीसह कॉबच्याही पुढे गेले.

पण तारीख नीट बघा. हिशेब सुरू होतो १९२० पासून. लॉईड त्या वर्षी ३६ वर्षांचे झाले आणि स्वतंत्र टीमकडून खेळत होते. त्यांचा अधिकृत यादीतला पहिला सीझन १९२१ चा, वय ३७. बहुतेक शॉर्टस्टॉप ज्या वयात थांबतात, तिथून लॉईड यांची नोंद सुरू होते. २२ ते ३६ हा ऐन उमेदीचा काळ, ज्यात त्यांची वॅग्नर यांच्याशी तुलना झाली, तो आजही अधिकृत आकड्यांत शून्य आहे.

शिवाय लॉईड आत गेले, पण सगळे गेले नाहीत. हवानात त्यांच्यासोबत खेळलेल्या आणि टायगर्सविरुद्ध ०.४१२ ची सरासरी राखणाऱ्या ग्रँट जॉन्सन यांची पाटी अजून लागलेली नाही. ज्याच्यासाठी लॉईड यांनी जागा सोडली, त्या डिक लंडी यांचीही नाही. दोघेही शॉर्टस्टॉपच. त्यांची नावं मतदानाला आली आणि मागे पडली.

तेव्हा यापुढे कुणी आकडे पुढे करून एखादा जुना खेळाडू हॉलच्या लायकीचा नव्हता असं म्हणालं, तर त्याच्या काळात आकडे लिहायला माणूस बसवला होता का, हे आधी विचारायला हरकत नाही.