क्लोरीनचा शोधक कार्ल शेले

पावसाळा लागला म्हणजे आपल्या गोंदिया जिल्ह्यांत गांवोगांवच्या विहिरींत पांढरी भुकटी टाकतात. तिला कोणी ब्लीचिंग पावडर म्हणतात, कोणी टी.सी.एल. म्हणतात. तिचा उग्र वास सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्या पुरुषानें त्या वासाच्या वायूचा प्रथम कसून अभ्यास केला, त्याचें नांव फारच थोड्यांस ठाऊक असेल.

कार्ल विल्हेल्म शेले याचा जन्म डिसेंबर १७४२ मध्यें स्ट्रालझुंड या गांवीं झाला. तें गांव त्या काळीं स्वीडनच्या ताब्यांत होतें. वयाच्या चौदाव्या वर्षीं तो गोथेनबर्ग येथील एका औषधविक्याकडे उमेदवार म्हणून राहिला. विद्यापीठाची पायरी त्यानें विद्यार्थी म्हणून कधींच चढली नाहीं. दिवसा औषधें कुटावीं आणि काम संपल्यावर रसायनशास्त्राचे ग्रंथ वाचून प्रयोग करावे, हेंच त्याचें शिक्षण. साधनें तर अगदींच तुटपुंजीं. वायु सांठविण्यास तो जनावरांचीं मूत्राशयें वापरी.

पुढें तो उप्साला येथें गेला. प्राणवायु त्यानें प्रीस्टले या इंग्रज शास्त्रज्ञाच्या आधींच तयार केला होता. परंतु त्याचा ग्रंथ छापून निघावयास १७७७ साल उजाडलें. तोंपर्यंत प्रीस्टलेचा शोध जगजाहीर झाला होता, आणि मान त्यालाच मिळाला. शेले मात्र आपल्या कामांत मग्नच राहिला.

१७७४ सालीं त्यानें मँगनीजचें काळें खनिज मिठाच्या तेजाबांत घालून तापविलें. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत डोंगरी बुजुर्ग येथें निघतें, त्याच जातीचें हें खनिज. त्यांतून पिंवळसर हिरवा, श्वास कोंडविणारा वायु निघाला. त्या वायूंत फुलें व हिरवीं पानें ठेवितांच त्यांचा रंग उडाला. हें मूलतत्त्व आहे, हें मात्र शेलेला उमगलें नाहीं. तें १८१० सालीं हम्फ्री डेव्ही यानें ठरविलें, आणि रंगावरून त्यास क्लोरीन हें नांव दिलें.

१७७५ पासून शेले क्योपिंग या लहानशा गांवीं औषधाचें दुकान चालवूं लागला. नवीन पदार्थ हुंगून व चाखून पाहण्याची त्याला संवय होती. त्या विषारी द्रव्यांनींच त्याची प्रकृति ढासळली, असें मानलें जातें. २१ मे १७८६ रोजीं, अवघ्या ४३ व्या वर्षीं, त्याचा अंत झाला.

त्याच्या मागें त्याचा वायु कामास आला. १७९९ सालीं ग्लासगोच्या टेनंट यानें विरलेल्या चुन्यांत क्लोरीन मुरवून भुकटी बनविण्याचा मक्ता मिळविला. ती कापड शुभ्र करण्यासाठीं होती. रोग जंतूंमुळें होतात हें पुढें कळलें, आणि १९०८ सालीं अमेरिकेंतील जर्सी सिटी या शहराचें पाणी नित्य क्लोरीननें शुद्ध होऊं लागलें.

ही भुकटी पाण्यांत मिसळली म्हणजे हायपोक्लोरस आम्ल तयार होतें. तें जंतूंच्या आवरणांतून आंत शिरून त्यांचा नाश करितें. एक हजार लिटर पाण्यास चांगल्या प्रतीची सुमारें अडीच ग्रॅम भुकटी पुरते. मात्र पाणी पिण्यापूर्वीं निदान अर्धा तास थांबावें लागतें. भुकटी उघडी राहिली तर क्लोरीन उडून जातो व नुसता चुना उरतो. म्हणून डबा घट्ट झांकून कोरड्या जागीं ठेवावा.

पटकी व हगवण यांनीं पूर्वीं घरेंच्या घरें ओस पडत. आज घागरींतल्या पाण्याला किंचित् वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्या मुलांनीं व त्यांच्या वडीलमंडळींनीं ध्यानांत ठेवावें कीं, तो वास पाण्याच्या पहारेकऱ्याचा आहे. तो पहारेकरी प्रथम ओळखला एका औषधविक्यानें, ज्याला आपल्या शोधाचा हा उपयोग पाहण्यास मिळाला नाहीं.