वडिलांच्या मागे गेलेला मार्को

माझे वडील दर साली दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्यातच परत येतात. म्हणून गुरुजींनी मार्को पोलोची गोष्ट सांगितली तेव्हा ती माझ्या मनात राहिली. तीच मी इथे लिहीत आहे.

मार्कोचा जन्म १२५४ च्या सुमारास इटलीतील व्हेनिस शहरात झाला. त्याचे वडील निकोलो व काका माफेओ व्यापारी होते. ते लांब पूर्वेकडे गेले होते. १२६९ साली ते घरी आले तेव्हा मार्को पंधरा वर्षांचा झाला होता आणि त्याची आई वारली होती. बापलेकांची खरी ओळख तेव्हाच झाली.

१२७१ साली दोघे पुन्हा निघाले. या वेळी त्यांनी मार्कोलाही बरोबर घेतलं. चंगीजखानाने लढायांत पुष्कळ शहरं उद्ध्वस्त केली होती. पण पुढे चीनपासून इराणपर्यंत त्याच्याच घराण्याचं राज्य झालं, आणि व्यापाऱ्यांना त्या वाटेने जाता येऊ लागलं. जागोजाग ठाणी होती, तिथे ताजे घोडे तयार असत. खानाने दिलेली सोन्याची पाटी दाखवली की घोडे व जेवण मिळे. तरीसुद्धा वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून चंगीजचा नातू कुबलाईखान याच्याकडे पोचायला साडेतीन वर्षं लागली!

तिथे मार्को सतरा वर्षं राहिला. तुतीच्या सालीपासून केलेल्या कागदी नोटा त्याने पाहिल्या. लोक काळे दगड जाळतात हे पाहून तो थक्क झाला. तो दगडी कोळसा होता.

परतीचा प्रवास समुद्राने झाला. वाटेत हिंदुस्थानचा किनारा लागला. त्याच्या पुस्तकात आपल्या ठाण्याचंही वर्णन आहे. तिथून कातडं नि सुती कापड परदेशी जाई, आणि घोडे आणणाऱ्या गलबतांना चाचे लुटत, असं त्यात आहे.

चोवीस वर्षांनी, १२९५ साली, बाप, काका व मार्को तिघेही घरी पोचले. पुढे जिनोआशी झालेल्या लढाईत मार्को कैद झाला. १२९८ साली तुरुंगात त्याने सगळी हकिगत सांगितली आणि रुस्तिकेल्लो नावाच्या सोबतच्या कैद्याने ती लिहून काढली. पुष्कळांना ती थापच वाटली. पण सुमारे दोनशे वर्षांनी कोलंबसाकडेही त्या पुस्तकाची प्रत होती. मार्को १३२४ साली व्हेनिसमध्येच वारला.

मला एक गोष्ट पटली. त्या कैद्याने लिहिलं नसतं, तर मार्कोने पाहिलेलं मार्कोबरोबरच गेलं असतं. माझे वडीलही कारखान्याच्या, फडाच्या, लांबच्या गावांच्या गोष्टी सांगतात. मी नुसता ऐकतो आणि विसरतो. यंदा ते आले की मी वही घेऊन त्यांच्याजवळ बसणार आहे. मित्रांनो, तुम्हीही बसा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी