पेशींच्या अभ्यासक डॉ. कमल रणदिवे

डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थ कुटुंबात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. परंतु हुजूरपागेतून फर्ग्युसनमध्ये आलेल्या कमलताईंना वनस्पतींनी ओढून घेतले. १९४३ साली एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी अभ्यासल्या. पेशी विभागण्यापूर्वी तिच्यातील गुणसूत्रे दुप्पट होतात आणि दोन्ही नव्या पेशींना समान वाटा मिळतो. या नियमाचा बंध तुटला, की पेशी थांबण्याचे विसरते, तोच कर्करोग.

१९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीने त्यांच्या अध्ययनास मनापासून साथ दिली. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात काम करीत, डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. संपादन केली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, देहाबाहेर पेशी जिवंत राखण्याचे तंत्र, म्हणजेच ऊतिसंवर्धन, त्या शिकल्या.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. १९५१ साली याच गाय यांच्या प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी वाढविल्या गेल्या. तिची संमती कोणी घेतली नव्हती. ती त्याच वर्षी निवर्तली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही विभागत आहेत. उपेक्षितांचे ऋण विज्ञानावरही असते, ते असे.

मायदेशी परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनांच्या कर्करोगाचा संप्रेरके व विषाणू यांच्याशी असलेला संबंध त्यांनी शोधला. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण प्राप्त झाले.

सन्मानानंतर विश्रांती घेणे सहज शक्य होते. त्या मात्र अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाची पाहणी करू लागल्या. ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका होण्याचे प्रशिक्षण देऊ लागल्या. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

सूक्ष्मदर्शकाखालची पेशी आणि डोंगरातले उपाशी मूल, दोहोंकडे त्यांनी सारख्याच निष्ठेने पाहिले. आमच्या वसतिगृहातील मुली विज्ञान शाखेकडे वळताना हे चरित्र त्यांच्या हाती असावे, असे आम्हांस वाटते. मिळविलेली विद्या कोणाच्या दारी न्यायची, याचे उत्तर त्यात आहे.