४.१८६ च्या मागचा माणूस

एक कॅलरी म्हणजे किती ज्यूल? ४.१८६. बारावीपासून हे आपल्याला तोंडपाठ. पण हा आकडा काढण्यात एका माणसाची पस्तीसेक वर्षं गेली.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूलचा जन्म १८१८ साली इंग्लंडमधल्या सॅलफर्डचा. वडिलांची बिअरची मोठी ब्रुअरी होती. तब्येत नाजूक म्हणून शिक्षण घरीच झालं. पुढे काही काळ खुद्द जॉन डाल्टन (अणूवाला!) त्याला आणि त्याच्या भावाला शिकवत होता. कॉलेजचं तोंड मात्र ज्यूलने कधी पाहिलं नाही. ब्रुअरी सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्याचा दिनक्रम.

तारेतून करंट गेला की उष्णता किती निर्माण होते, याचा I² आर वाला नियम त्याने बावीस-तेवीस वर्षांचा असताना मांडला. तेव्हा उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, असं बऱ्याच विद्वानांचं मत होतं. ज्यूल म्हणू लागला, की काम खर्ची पडलं की ठरलेल्या हिशोबाने उष्णता मिळते. १८४३ साली कॉर्कच्या परिषदेत त्याने हे मांडलं, कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १८४४ मध्ये त्याचा एक निबंध रॉयल सोसायटीने नाकारला. एक तर ब्रुअरीवाला, त्यात अंशाच्या शंभराव्या भागाच्या गोष्टी करणारा!

त्याचा प्रसिद्ध प्रयोग असा. पाण्याच्या भांड्यात फिरती पाती, त्यांना दोरीने जोडलेली शिशाची वजनं. वजनं खाली येतात, पाती फिरतात, पाणी घुसळलं जातं. वजनं पाचेक फूट खाली सोडायची, परत वर घ्यायची, असं वीस वेळा. एवढ्या खटाटोपानंतर पाणी तापणार जेमतेम अर्धा अंश फॅरेनहाइट! का, ते हॉस्टेलच्या बादलीवरून कळेल. आंघोळीचं पाणी २० अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्यात तीच भरलेली बादली साडेआठ किलोमीटर उंच नेता येईल. म्हणजे जवळजवळ एव्हरेस्ट. (हीटरची कॉइल लपवून वापरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

१८४७ च्या ऑक्सफर्डच्या परिषदेत अध्यक्षांनी त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं. पण श्रोत्यांत बावीस-तेवीस वर्षांचा विल्यम थॉमसन होता, पुढचा लॉर्ड केल्विन. त्याला यात काहीतरी आहे हे जाणवलं. त्याच वर्षी ज्यूलचं लग्न झालं. हनिमूनला आल्प्समध्ये गेलेला ज्यूल हातात थर्मामीटर घेऊन धबधब्याच्या वरचं आणि खालचं तापमान मोजायला निघालेला भेटला, ही गोष्ट थॉमसनने पुढे सांगितली. तिला थोडा मीठमसाला लागला असावा.

१८५० मध्ये नाकारणाऱ्या त्याच रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं. १८५४ मध्ये बायको वारली, त्याच सुमारास ब्रुअरीही विकली गेली. दोन लहान मुलं पदरात. प्रयोग सुरूच राहिले. १८७८ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्याने पुन्हा तोच आकडा नव्याने मोजला.

११ ऑक्टोबर १८८९ ला तो गेला. सेलच्या स्मशानभूमीत त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलाय. तितके फूट पाणी खाली पडलं तर ते एक अंश फॅरेनहाइटने तापेल, असा त्याचा अर्थ. ०.३०४८ ने गुणून मीटर करा, १.८ ने गुणून सेल्सिअस करा, मग ९.८१ ने गुणा. किलोला ४१५८ ज्यूलच्या आसपास येतं. आजच्या ४१८६ पेक्षा पाऊण टक्क्याहूनही कमी फरक.