कवडशाचा अभ्यासक : जॉन टिंडल

कौलाच्या फटीतून अंधाऱ्या माजघरात उतरणारा कवडसा आपण सर्वांनीच पाहिला आहे. त्यात धूलिकण नाचताना दिसतात. कवडसा सरला की तेही दिसेनासे होतात. कणांवर आदळून बाजूला विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो, म्हणून ते दिसतात. या साध्या गोष्टीचा ज्यांनी शास्त्रीय साधन म्हणून उपयोग केला, त्या जॉन टिंडल यांचे अल्प चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

टिंडल यांचा जन्म १८२० साली आयर्लंडमध्ये एका सामान्य कुटुंबात झाला. १८३९ मध्ये ते सरकारी मोजणी खात्यात लागले. पुढे इंग्लंडमध्ये काम करीत असता अपुऱ्या वेतनाविरुद्ध आवाज उठविल्यामुळे १८४३ मध्ये त्यांची नोकरी गेली. नंतर रेल्वेची मोजणी व शाळेत अध्यापन करून त्यांनी पैसा साठविला आणि १८४८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाले. १८५३ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली व तेथे त्यांस फॅरडे यांचा सहवास लाभला.

१८६८च्या सुमारास त्यांनी काचेच्या नळीत बाष्प भरून त्यातून प्रखर प्रकाशझोत सोडला. प्रकाशाने बाष्पाचे विघटन होऊन सूक्ष्म ढग निर्माण होई. तो आरंभी निळा दिसे. कण मोठे होत गेले की पांढुरका होई. कण स्वतः दिसत नव्हते, परंतु त्यांची वाढ प्रकाश सांगत होता.

पुढे त्यांनी आतून ग्लिसरिन लावलेली पेटी केली. काही दिवसांत सारी धूळ खाली बसून चिकटली व झोताचा मार्ग दिसेनासा झाला. त्या हवेत ठेवलेला उकळलेला मांसरस महिनोन्‌महिने नितळ राहिला. बाहेरचा मात्र गढूळ होऊन नासला. रस नासविणारे जंतू हवेतूनच येतात, याचा हा मोठा पुरावा होता. परंतु प्रयोगशाळेत जुने गवत आणल्यावर तोच प्रयोग फसू लागला! टिंडल यांनी अपयश झाकले नाही. काही जंतूंची बीजे उकळूनही मरत नाहीत, हे त्यांनी शोधले. म्हणून त्यांनी रस थांबून थांबून पुनःपुन्हा उकळण्याची रीत १८७७ मध्ये मांडली. मधल्या वेळात बीजे रुजत व पुढील उकळीत मरत. १८९३ साली पत्नीच्या हातून चुकून अन्य औषध अधिक प्रमाणात दिले गेल्याने त्यांचा अंत झाला.

त्यांचा कवडसा मात्र विझला नाही. आज शास्त्रज्ञ लेसरचा झोत जेलीसारख्या पदार्थांत सोडतात आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या चंचलतेवरून त्यांची घडण जाणतात. प्रथिनांचे रेणू एकत्र येऊन पुंजके बनू लागले, तर तेही याच रीतीने कळते. मोतीबिंदूत डोळ्याच्या भिंगातील प्रथिने अशीच गोळा होतात व प्रकाश विखुरल्यामुळे दृष्टी मंदावते.

विद्यार्थिमित्रहो, पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून अंधारात त्यावर विजेरीचा झोत सोडा व बाजूने पाहा. निळसर झाक दिसेल. नोकरी गमावलेल्या एका तरुणाने पुन्हा पाटी हाती घेतली, म्हणून त्या झाकेचा अर्थ आज आपणांस कळतो, याचे स्मरण त्या वेळी असावे, एवढीच आमची इच्छा.